टोलीकडची रांग

आमच्या मिलमध्ये नवा ट्रकवाला आला की सकाळी आठच्या सुमारास हमखास एक प्रकार व्हायचा. वजनकाट्यावरून उतरून, तोंडबिंड धुऊन तो माझ्या खिडकीशी यायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "मॅडम, ते बुढेबाबा भिंतीपाशी कोणासंग बोलून राहिले?"

मी मान वर न करता सांगायचे, "हजेरी घेऊन राहिले."

"कोणाची?"

"झाडांची."

मग तो एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा भिंतीकडे. काही जण हसायचे. एक छत्तीसगडचा ड्रायव्हर तर लांबूनच हात जोडून गेला होता, त्याला वाटलं कोणी साधू असतील.

ते साधू नव्हते आणि वेडेही नव्हते, हे आधीच सांगून ठेवते, कारण मिलमध्ये निम्मे लोक त्यांना वेडं समजायचे आणि उरलेले निम्मे तसं समजल्याचं दाखवायचे. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काखेत, कानावर पेन, पायात टायरच्या चपला. भिंतीच्या कडेकडेनं चालत एकेका झाडासमोर थांबायचे, वर बघायचे, एखादं पान उलटं करून बघायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "करंज, सात नंबर. हजर." पुढे सरकून, "करंज, आठ नंबर. हजर." मग एखाद्याशी जरा जास्त वेळ थांबून, "निंब, तीन नंबर. काय गा, बिमार दिसून राहिला?" आणि रजिस्टरात खूण करायचे.

आमची मिल लाखनीच्या पुढं, हायवेला लागून. उसना तांदूळ काढायची. म्हणजे धान आधी भिजवायचं, मग वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरमध्ये जाळायला धानाचंच तूस. त्याची राखड चिमणीतून वर जाते आणि वरच राहील तर काय पाहिजे होतं! ती हळूहळू खाली उतरते. शिवाय ट्रक रिकामे होताना धानाची धूळ उडते ती वेगळी. माझ्या टेबलावर सकाळी कागद ठेवला तर दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. मिलच्या मागच्या भिंतीला लागून टोली होती, तीस-चाळीस घरांची. तिथल्या बायका गच्चीवर लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालायच्या आणि वर जुनी साडी ताणून बांधायच्या. साडी बांधली नाही तर वडी पिवळी जायची आणि काळी यायची.

टोलीतलं भिंतीकडून पहिलं घर बाबूजींचं.

ते मूळचे मिलचे हजेरीबाबू. हमाल, बॉयलरवाले, झाडणाऱ्या बायका, सगळ्यांची हजेरी वीस-बावीस वर्षं त्यांनी घेतली. मग अंगठ्याचं मशीन आलं. आणि खोटं कशाला बोलू, मशीनसोबत मी आले. मशीनचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायला कोणीतरी पाहिजे होतं, मी कोर्स केलेला होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला हजेरीच्या खोलीची चावी दिली, खुर्ची झटकून दिली आणि म्हणाले, "बसा मॅडम. पंख्याचं बटन ढिलं आहे, जोरानं दाबजा." एवढंच. मला वाटलं होतं तोंड वाकडं करतील. मी तर घरून भांडायची तयारी करून आले होते.

मशीनचं हसं आठ दिवसांत झालं. पोती उचलून उचलून हमालांच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेलेल्या. मशीन त्यांना ओळखेचना. लाल दिवा लागायचा, माणूस समोर उभा आणि मशीन म्हणतंय हा नाही. मी दुपारी गुपचूप बाबूजींकडे जायचे. ते झाडाला आळं करता करता, वर न बघता सांगायचे, "सकाळच्या पाळीत एकवीस होते. दोघं गैरहजर. एक उशिरा आला, त्याची बायको दवाखान्यात आहे, त्याले कापू नका." मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मालकाला वाटायचं मशीन फार छान चाललंय.

त्याच सुमारास प्रदूषणवाल्यांचं पत्र आलं होतं, मिलभोवती झाडांचा पट्टा पाहिजे म्हणून. मालकांनी विचार केला असेल, एक म्हातारा रिकामा आहे, एक काम रिकामं आहे. मॅनेजर त्यांना म्हणाले, "बाबूजी, अब आप बगीचा संभालो." सगळ्यांना वाटलं घरी पाठवायच्या आधीची ही पायरी. बाबूजींनी काय केलं, तर स्टोअरमधून कोरं रजिस्टर मागून घेतलं.

बगीचा हा शब्द त्यांना अजिबात चालायचा नाही. "बगीचा लग्नाच्या हॉलात राहते, मॅडम. हे ड्युटीवरची माणसं आहेत." आणि ड्युटीवर घ्यायची त्यांची पद्धत अशी, की कोणतंही रोप सरळ भिंतीशी लागायचं नाही. आधी बॉयलरच्या मागं, जिथं राखडीचा ढीग पडतो, तिथं त्याला कुंडीत ठेवायचं. एक पूर्ण सीझन. पाणी द्यायचं, पण लाड नाही. त्याला ते प्रोबेशन म्हणायचे. दिवाळीनंतर धान यायला लागायचं तेव्हा बसवलेलं रोप उन्हाळ्याच्या शेवटी जिवंत आणि हिरवं असेल, तर पर्मनंट. पानांच्या कडा जळल्या, शेंडा वाळला, तर त्याला ते हायवेपलीकडे कोणाच्या तरी बांधावर नेऊन लावायचे. "त्याचा काही दोष नाही. त्याले हे काम जमत नाही, दुसरं जमन."

असं करत करत त्यांच्याकडे त्यांची एक यादी तयार झाली होती. करंज पहिल्या नंबरावर. निंब, उंबर, शिरीष, आंबा हे भरवशाचे. कण्हेर बुटकी, पण पुढच्या रांगेत तीच पाहिजे, कारण ट्रकची धूळ खालूनच येते. मोठ्या झाडाचा बुंधा काय धूळ अडवणार? पुढं बुटकी, मागं मध्यम, त्याच्यामागं उंच, आणि रांगा आडाआड, म्हणजे पुढच्या दोघांतली फट मागच्यानं बुजवायची. हे त्यांना कोणी शिकवलं असं मी विचारलं तर म्हणाले, "हमालाची रांग पाहून. दोघांच्या मधातून पोतं निसटलं तं मागचा पकडते."

सागवानावर त्यांचा राग होता. "भाव खाते, काम नाही करत. मिलचा सीझन भरात आणि हा उघडाबोडका!" पळसाचंही तेच. ऐन धुळीच्या दिवसांत पानं टाकून लाल फुलं मिरवणारा पळस बघून ते म्हणायचे, "हे पाहा, ड्युटी सोडून वरातीत चाललं." मालकांच्या घरच्या बाईंनी एकदा गेटवर लावायला नागपूरहून शोभेचे ताड पाठवले, महागाचे. बाबूजींनी मुकाट्यानं लावले, पण रजिस्टरात नावं घातली नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "ते पाहुणे आहेत." करंजही फाल्गुनात पानं टाकायचा, पण पंधरा दिवसांत पुन्हा पालवी. त्याच्यापुढं ते "किरकोळ रजा" असं लिहायचे. मी हसले तर रजिस्टर मिटून घ्यायचे आणि दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. रुसायचे फार.

झाडं का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मीच छेडल्यावर. मी म्हटलं, "बाबूजी, पर्यावरणाचा पुरस्कार मिळणार तुम्हाला." ते म्हणाले, "कायचं पर्यावरण? घरी दमा आहे."

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, जुना दमा होता. मी त्यांच्याकडे वड्या घ्यायला जायचे, तेव्हा बघितलं होतं. बारीक, हसऱ्या बाई, वाक्य दोन तुकड्यांत बोलायच्या, मध्ये श्वास घ्यायला थांबायच्या. मिलचा सीझन सुरू झाला की त्यांना आडवं झोपता यायचं नाही. खाटेवर उशा रचून बसून झोपायच्या. टोलीकडच्या भिंतीला बाबूजींनी चाळीस करंज लावले, त्यांच्यापुढं कण्हेरीची रांग, झाडं वाढून भिंतीच्या वर गेली, दाट झाली, तेव्हापासून काकू त्या दिवसांतही आडव्या झोपायला लागल्या. हे मला काकूंनीच सांगितलं. "आता एक उशी पुरते, बाई," म्हणाल्या. दवाखान्यातल्या औषधानं फरक पडला असेल, झाडांनी पडला असेल, मी काही डॉक्टर नाही. त्या घरात मात्र दोघांचंही मत पक्कं होतं.

बाबूजी तसे भाबडे नव्हते. झाड सगळं करतं असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट मॅनेजरांना तोंडावर सांगायचे, "साहेब, झाड शेवटचं आहे. पहिले चिमणीले आवरा." राखड पकडायचं यंत्र मिलमध्ये होतं. आत लांब कापडी पिशव्या असतात, धूर त्यातून गाळून बाहेर जातो. त्या पिशव्या कधीच्या फाटल्या होत्या. बदला म्हटलं की मॅनेजर म्हणायचे, पुढच्या सीझनला. बाबूजी वर्षातून चारदा आठवण द्यायचे आणि चारही वेळा तेच उत्तर घेऊन यायचे.

दुसरं भांडण पाण्याचं. पानावर राखडीचा थर बसला की पान काम करत नाही, त्याला आंघोळ पाहिजे. पावसाळ्यात आपोआप होते, पण सीझन तर पावसाळ्यानंतरचा. त्यांचं म्हणणं, महिन्यातून दोनदा झाडं धुवायला अर्धा टँकर द्या. मॅनेजर म्हणायचे, इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही झाडांना आंघोळ घालता? एकदा बाबूजींनी डोकं चालवलं. धान भिजवून उरलेलं पाणी रोज नालीतून वाहून जायचं, ते त्यांनी बादल्यांनी भरून आख्ख्या टोलीकडच्या रांगेवर मारलं. अरे देवा! ते पाणी दोन दिवसांत असं आंबलं की मिलमध्ये बसवेना. माश्यांचे थवेच्या थवे. टोलीतल्या सगळ्या बायका नाकाला पदर लावून गेटवर आल्या, आणि त्यांच्या पुढं कोण, तर काकू! "ह्या माणसाले," एक श्वास, "आत घ्या नं कोंडून ठेवा." बाबूजी दोन दिवस कण्हेरीच्या मागं लपून काम करत होते. त्यानंतर ते घरून हापशीचं पाणी आणायचे आणि एकेक झाड कपड्यानं पुसायचे. चाळीस झाडं! रोज चार झाली तरी दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी पहिलं पुन्हा काळं.

दर शनिवारी एक काम मात्र न चुकता. प्रत्येक रांगेतलं एक पान घ्यायचं, त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि ती उचलून रजिस्टरात लावायची. भुऱ्या, राखाडी, काळ्या पट्ट्या. पानंच्या पानं भरली होती. मॅनेजरांना दाखवलं तर ते म्हणाले, "ये क्या कचरा चिपकाया?"

आता तपासणीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच इतकं सांगितलं.

फेब्रुवारीत प्रदूषणवाल्या साहेबांचा निरोप आला, परवा येतो म्हणून. मिलमध्ये पळापळ. आवार झाडलं, नाली चुन्यानं आखली. मॅनेजरांनी बाबूजींना बोलावलं. मी तिथंच होते.

"बाबूजी, तुमची इच्छा पूर्ण. दोन टँकर मागवलेत. उद्या सगळी झाडं चकाचक धुवून टाका."

बाबूजी म्हणाले, "नाही."

मॅनेजरांना वाटलं ऐकायला आलं नाही. "अहो, पाणी देतोय! वर्षभर पाणी पाणी करत होता ना?"

"वर्षभर देल्लं नाही. आता साहेब येऊन राहिले तं कायले? पानावरची राखड हेच झाडायची हजेरी आहे. ते पुसली तं साहेब म्हणतीन, इथं धूळच नाही. पाहू द्या नं त्यायले. बोट लावू द्या. मंग तुमच्या पिशव्याही बदलतीन नं टोलीकडं अजून एक रांगही लागन." आणि मग शांतपणे, "मी सगळं रजिस्टर दाखवणार आहे साहेबाले. चार वर्षांचं."

ते गेल्यावर मॅनेजरांनी दार लावलं. मला म्हणाले, "मॅडम, परवा हा म्हातारा इथं दिसायला नको. तुमचं ऐकतो तो. बघा काय ते." वर असंही म्हणाले की स्टाफ कमी करायचं मालकांच्या डोक्यात आहे, पण तुमचं नाव मी धरून ठेवलंय. घरात कमावणारी मी एकटी, दोन मुली शाळेत. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे.

बाबूजींना वडाची रोपं पाहिजे होती, तीन वर्षांपासून. लाखनीत मिळत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना सांगितलं, "लाखांदूरच्या नर्सरीत वड आलेत. मी फोन करून चार बाजूला ठेवायला सांगितलेत. पण उद्याच न्यायचेत, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"उद्या तं साहेब येणार."

"साहेब संध्याकाळी येणार आहेत. तुम्ही सकाळच्या एसटीनं जा, चारपर्यंत परत याल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही फोन केला? माह्यासाठी?" मग इतके खूश झाले की कानावरचं पेन काढून उगाच खिशात ठेवलं आणि परत कानावर ठेवलं.

सकाळी धुतलेला सदरा घालून, हातात रिकामी पिशवी घेऊन गेले. ते गेले आणि नऊ वाजता टँकर आले. झाडणाऱ्या बायकांना मी उभं केलं. पाइप कुठून कुठं न्यायचा ते मी दाखवलं. टोलीकडची रांग पहिले धुवा, साहेब तिकडूनच फिरतील, हेही मीच म्हटलं. खाली काळ्या पाण्याचे ओघळ लागले, त्यावर बायकांनी मुरूम पसरला. अकरापर्यंत झाडं अशी हिरवीगार झाली की मलाच क्षणभर बरं वाटलं. चिमणीही सकाळपासून बंद ठेवली होती.

बारा वाजता साहेब आले. चांगला माणूस होता, तरुण, घाईत नव्हता. करंजाचं पान त्यांनी हातात धरलं, बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ. "छान जोपासलीत झाडं. कोण बघतं?" मॅनेजरांनी माझ्याकडे हात केला. मी हसले.

बाबूजी पाच वाजता आले. पिशवीतून दोन रोपांचे शेंडे बाहेर डोकावत होते.

"वड नव्हते, मॅडम," ते म्हणाले. "उंबर भेटले." मग त्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं. ते तिकडे गेले. पान उलटं केलं, सरळ केलं. परत येऊन विचारलं, "पाऊस आला होता काय वो इकडं?"

मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांनी टँकर मागवला."

"किती?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. "नं साहेब आले काय?"

"दुपारीच येऊन गेले. अचानक."

त्यांनी पिशवी उचलली. उंबर राखडीच्या ढिगापाशी नेऊन कुंडीत लावले, पाणी घातलं आणि घरी गेले. मला वाटलं, पचलं.

महिनाभरानं अहवाल आला. धूळ आटोक्यात आहे, यंत्रणा ठीक आहे, असा त्याचा मतलब. फाटक्या पिशव्या तशाच राहिल्या. आणि मालकांनी विचारलं, आता धूळच नाही, तर मागच्या बाजूला एवढी जागा झाडांत कशाला अडकवायची? ट्रक हायवेवर उभे राहतात, पोलीस त्रास देतात. टोलीकडची रांग काढा आणि तिथं ट्रक उभे करायला जागा करा. टोलीच्याच अंगाला!

एप्रिलमध्ये एका दुपारी बाबूजी माझ्या टेबलाशी आले. हातात प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसला द्यायचा अर्ज होता. तपासणीच्या दिवशी सकाळी झाडं धुतलेली होती, चिमणी बंद होती, म्हणून तपासणी परत व्हावी, न सांगता व्हावी, असा. खाली टोलीतल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. काकूंचीही सही होती, वाकडीतिकडी.

"टोलीवाले भिंतीच्या बाहेरचे, मॅडम. त्यायच्या सांगण्याले किंमत नाही. मी त्या दिवशी इथं नव्हतो. आतलं, पाहिलेलं एक तरी माणूस पाहिजे."

मी अर्ज दोनदा वाचला. त्यात कोणाचं नाव नव्हतं, कोणी धुतली ते नव्हतं. म्हटलं, "बाबूजी, माझी नोकरी जाईल."

"हो," ते म्हणाले. "जाऊ शकते."

"मला दोन मुली आहेत."

"माहीत आहे नं." त्यांनी अर्जाची घडी केली. "बरं," म्हणाले आणि जाताना पंखा बंद करू की राहू देऊ, हेही विचारलं. मला त्यांचा इतका राग आला! भांडले असते तर बरं झालं असतं.

अर्ज गेला. उत्तर आलं नाही, निदान मिलमध्ये तरी नाही. मे महिन्यात टोलीकडची रांग तोडली. दोन दिवस लागले, चाळीस करंज आणि कण्हेर. बाबूजी ते दोन दिवस कामावर आले नाहीत. बावीस वर्षांत आणि नंतरच्या चार वर्षांत त्यांचा हा पहिला खाडा होता. तिसऱ्या दिवशी आले, उरलेल्या तीन बाजूंची हजेरी घेतली. त्या चाळीस नावांपुढं त्यांनी काय लिहिलं ते बघायची माझी हिंमत झाली नाही. टोलीत घरोघरी अंगणात त्यांनी करंज लावून दिले. वीतभर रोपं, ती काय अडवणार?

दिवाळीनंतर धान आलं. भिंतीला लागून ट्रक उभे राहायला लागले, इंजिन चालू ठेवून. मी वड्या घ्यायला गेले नाही. काकू पुन्हा बसून झोपतात, असं झाडणाऱ्या बायका बोलायच्या. मग भंडाऱ्याला नेलं, आणलं, परत नेलं. जानेवारीत त्या गेल्या.

लोक म्हणाले, दमा जुनाच होता. थंडीही फार होती यंदा. मीही म्हटलं, हो, जुनाच होता.

तेरवीला मी गेले. अंगणात मांडव होता, बायका आत रांधत होत्या. बाबूजी एका बाजूला खुर्चीवर बसले होते, डोकं भादरलेलं, कान मोठे दिसत होते. मी शेजारी बसले. बराच वेळ येणारे-जाणारे झाले. मग कोणी नव्हतं तेव्हा मी म्हटलं, "बाबूजी, त्या दिवशी झाडं मीच धुवून घेतली. लाखांदूरला मी फोन केलाच नव्हता."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "नर्सरीवाल्यानं तेव्हाच सांगतलं. म्हणे, आमच्याकडं कोणाचा फोन आला नाही."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"येताना एसटीत बसल्या बसल्या समजलं सगळं."

"मग काहून नाही बोललात? आणि सही मागायला माझ्याकडेच कशाला आलात?" माझा आवाज चढला. दोन माणसांनी वळून बघितलं.

बाबूजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी येणार नव्हतो. मी हिले म्हटलं, त्याईनंच तं केलं, त्याईच्याकडं काय जायचं? तं ही म्हणाली, जा. ते बाई मनानं वाईट नाही, तिच्यावर दबाव असन. एकडाव विचारा, ते करन सही." ते मांडवाच्या दोरीकडे बघत होते. "तिचा भरवसा होता तुमच्यावर. मी आपला तिच्या शब्दासाठी आलो होतो, मॅडम."

आतून पंगतीला हाक आली. बायकांनी मला हात धरून पाटावर बसवलं, पानात भात वाढला, वरण वाढलं, लाखोरीच्या वडीची भाजी वाढली. कोणीतरी म्हणालं, काकूंनीच करून ठेवलेल्या होत्या वड्या, शेवटच्या. तेरवीचं पान टाकू नये म्हणतात. मी सगळं जेवले.